निझव्यातला इस्त्रीवाला

माझ्या भावाला शर्टाला धड इस्त्री करता येत नाही. कॉलर करायला गेला की बाही चुरगळते, बाही नीट झाली की पाठ राहते, आणि शेवटी वैतागून तो तसाच शर्ट अंगात अडकवून निघतो. पण ओमानच्या सरकारी दप्तरात गेली अकरा वर्षं तो निझव्यातल्या एका लॉन्ड्रीत इस्त्री कामगार आहे. त्याच्या तिथल्या रहिवासी कार्डावर तसं छापलंय. ते तसं छापून आणलं मी.

आडून आडून सांगायचा मला कंटाळा आहे, म्हणून सरळच सांगते. मी मस्कतच्या गाला भागात एका छोट्या कंपनीचं ऑफिस सांभाळते. आजूबाजूला सगळी गॅरेजं आणि वर्कशॉप. आमची कंपनी कोल्ड रूम दुरुस्त करते, म्हणजे मासळी, भाजी, आइस्क्रीम ठेवायच्या मोठ्या थंड खोल्या. मालकाला आम्ही सगळे अर्बाब म्हणतो. वयस्कर ओमानी माणूस, मनाने चांगला. त्याच्या नावावर दोन लायसन्स आहेत, एक गालाचं वर्कशॉप आणि दुसरी दीड-दोन तासांवरच्या निझव्यातली, बाजारामागची लॉन्ड्री. दोन्हीकडच्या कामगारांचे व्हिसाचे आणि कार्डांचे फॉर्म मी भरते. त्या फॉर्मांवर कंपनीतर्फे सहीसुद्धा माझीच चालते.

भाऊ माझ्याहून सहा वर्षांनी लहान. आम्ही महाडकडचे. त्याने आयटीआयमधून दोन वर्षांचा रेफ्रिजरेशनचा कोर्स केला आणि मग एमआयडीसीतल्या बर्फाच्या कारखान्यात चार वर्षं काढली. तो कॉम्प्रेसरला नुसता तळवा लावून सांगायचा, हा अजून महिना काढेल, हा उद्याच बसणार. आणि तसंच व्हायचं. घरात आम्ही त्याला डॉक्टर म्हणून चिडवायचो.

अकरा वर्षांपूर्वी माझा मुलगा चार महिन्यांचा होता. नवरा तेलाच्या फील्डवर इंजिनिअर, दोन आठवडे वाळवंटात आणि दोन आठवडे घरी. घर माबेल्यात, म्हणजे शहराच्या पार टोकाला, कारण तिथलं भाडं झेपायचं. सकाळी पोर सांभाळणाऱ्या बाईकडे टाकायचं, गाडी हाणत गाला गाठायचं, संध्याकाळी त्याच ट्रॅफिकमधून परत. घरी आलं की मी आणि चार भिंती. त्या दिवसांत मी फार रडले. कुणी विचारलं तर डोळ्यात धूळ गेली म्हणायचे, आणि इथे ते खपतंही.

मला माझं माणूस हवं होतं. बस, एवढंच. भावाला इकडे बोलवायचं मी मनात घेतलं आणि अर्बाबच्या मागे लागले. अर्बाब लगेच हो म्हणाला. अडलं ते कागदावर. सरकारी ऑफिसांत खेपा घालणारा कंपनीचा माणूस, ज्याला इकडे मंदूब म्हणतात, त्याने सांगितलं की गालाच्या लायसन्सवर टेक्निशियनच्या जागा भरल्यात, रमजाननंतर सुटतील, चार महिने थांबा. निझव्याच्या लॉन्ड्रीत मात्र इस्त्रीवाल्याची एक जागा आत्ता रिकामी आहे. "काम तो इधरही करेगा ना मॅडम? माफी मुश्किल," तो म्हणाला. इथे हे वाक्य कशालाही चालतं. काही अडचण नाही, पुढचं पुढे बघू.

मी थांबायला हवं होतं. चार महिने काही डोंगराएवढे नव्हते. पण मी त्याच दिवशी फॉर्म भरला आणि संध्याकाळी भावाला फोन करून सांगितलं, "टेक्निशियनचं बंद झालंय रे, हेच तेवढं मिळतंय." बंद झालंय म्हणाले, चार महिन्यांनी सुटेल हे गिळून टाकलं. तो हसला. म्हणाला, "ताई, मला इस्त्री येत नाही हे आईला विचार." आणि आला. माझी भावजय तेव्हा दोन महिन्यांची गरोदर होती.

खरं सांगायचं तर, त्यात काही मोठं चुकलं असं तेव्हा वाटलंही नाही. इथे हे सर्रास चालायचं. आमच्या ओळखीतला एक पेंटर कागदावर शेळ्या राखतो. एक ड्रायव्हर सुतार आहे. कार्ड पाकिटात राहतं आणि माणूस कामावर जातो. भाऊ पहिल्या दिवसापासून गालाच्या व्हॅनमध्ये बसला आणि तीन वर्षांत वर्कशॉपचा मुख्य झाला. अर्बाब त्याला शेजारी बसवून एका ताटात जेवू लागला. मासळीवाल्यांचे फोन थेट त्यालाच यायचे, कारण खोली बंद पडली की तास-दोन तासांत माल हातचा जातो.

एप्रिलमध्ये आम्ही महाराष्ट्राचे बौद्ध लोक हॉल घेऊन जयंती करतो. एका वर्षी भाषणं चालू असताना हॉलचा एसी बंद पडला. समोरच्या रांगांत सगळे इंजिनिअर, मॅनेजर, कार्यक्रमपत्रिकेने वारा घेत बसलेले. माझा भाऊ मागच्या दाराने गच्चीवर गेला आणि अर्ध्या तासात हॉल गार केला. खाली आल्यावर समितीतल्या एका दादांनी कौतुकाने विचारलं, "आपलं डेझिग्नेशन काय?" तो माझ्याकडे बघून म्हणाला, "इस्त्री." सगळे हसले. मीही हसले, अगदी पोट धरून. आता ते आठवलं की स्वतःचीच लाज वाटते.

एकदा खबर लागली की निझव्याच्या लॉन्ड्रीत तपासणी आहे. कार्डावर नाव त्याचं, म्हणजे तो तिथे दिसायला हवा. सकाळीच त्याला गाडीत घालून पाठवलं. तपासनीस येईना, आणि लॉन्ड्रीत उकाडा, कारण तिथला एसी कित्येक महिने धड चालत नव्हता. ह्याला कुठलं बघवतंय. शिडी लावून चढला वर. तेवढ्यात तपासनीस दारात. हा धडपडत उतरला, काळ्या हातांनी इस्त्री उचलली आणि कुणाच्या तरी पांढऱ्याशुभ्र दिशदाशाच्या छातीवर ठेवली. दिशदाशा म्हणजे ओमानी पुरुषांचा पायघोळ झगा. त्यावर इस्त्रीचा करपट डाग उमटला आणि वर पाच काळी बोटं. तपासनीस काही बोलला नाही, चहा पिऊन गेला. अर्बाबने नवा दिशदाशा शिवून दिला. हा किस्सा मी कितीतरी वर्षं पाहुण्यांना रंगवून सांगितला.

दर दोन वर्षांनी कार्ड नवं करायचं असतं. तो फॉर्मही मीच भरते. दर वेळी कामाच्या रकान्यापाशी माझा हात थांबायचा. बदल करायचा तर त्याचं नाव निझव्याच्या लायसन्सवरून काढून गालाच्या लायसन्सवर आणायचं, त्याला काही दिवस देशाबाहेर पाठवायचं, पाचपंचवीस कागद. दुसऱ्या खेपेला मी अर्बाबकडे विषय काढला होता. तो म्हणाला, "अगली बार, इन्शाल्ला." मग तिसऱ्या खेपेला मी विषयच काढला नाही. चाललंय ना, म्हटलं. पाच वेळा मी त्या रकान्यात माझ्या हाताने इस्त्री लिहिलं. पहिली वेळ धरली तर सहा.

मधल्या काळात तिकडे मुलगी झाली, रांगली, शाळेत जाऊ लागली. त्या कार्डावर आणि कार्डावरच्या पगारावर भावाला बायको-मुलीला इथे आणता येत नव्हतं. दोन वर्षांतून दोन महिने सुट्टी. माझी भाची आता अकरा वर्षांची आहे आणि तिच्या बापाने तिला सगळं मिळून दहा महिने पाहिलंय. मी मात्र माझ्या पोराला रोज पाहत होते, आणि शुक्रवारी, इथल्या सुट्टीला, भाऊ वर्कशॉपच्या खोलीवरून जेवायला आला की माझ्या पोराला खांद्यावर घेऊन फिरवायचा. मला तेव्हा ते गोड वाटायचं.

दोनेक वर्षांपूर्वी त्याने जर्मनीचं डोक्यात घेतलं. तिकडे कोल्ड रूमची कामं करणाऱ्यांची वानवा आहे, हे त्याला मोबाईलवर कळलं होतं. "ताई, तिकडे कामगाराला बायको-पोरं नेता येतात," तो म्हणाला. बाकी काही नाही, पगार नाही, थंडी नाही, एवढंच एक वाक्य. मग व्हॅनमध्ये बसून दीड वर्ष जर्मन शिकला. साइटवर निघाला की कानात ते, परतताना कानात ते. परीक्षा पहिल्या फटक्यात पास झाला. तिकडच्या एका लहान गावातल्या कारखानदाराने व्हिडिओवर त्याची मुलाखत घेतली. उघडलेलं मशीन कॅमेऱ्यासमोर धरून विचारलं, काय बिघडलंय. ह्याने सांगितलं. कारखानदाराने मान डोलावली आणि वर्कशॉपच्या वरची दोन खोल्यांची जागा दाखवली. खिडकीतून शाळेचं अंगण दिसत होतं. भाऊ त्या जागेचा फोटो फोनमध्ये घेऊन फिरायचा. भाचीने तो पाहून एकच विचारलं, "पप्पा, मग आपण तिघं रोज एकाच घरात?"

अट एकच होती. त्याचं शिक्षण आणि अनुभव तिकडच्या कार्यालयाने मान्य करायला हवा होता. युरोपातल्या देशांनी आपापसात हे बरंचसं बसवून टाकलंय, एका देशातला कारागीर सीमा ओलांडून दुसऱ्या देशात गेला तर त्याला काय येतं हे तिथल्यांना कळावं म्हणून. त्यांचा एक ठरलेला फॉर्मही आहे. भावाने तो तीन शुक्रवार माझ्या जेवणाच्या टेबलावर बसून भरला. त्यात एक रकाना होता, तुम्ही काय काय करू शकता. त्यासमोर तो कितीतरी वेळ पेन्सिल चावत बसला. मग माझ्या पोराच्या वहीत मराठीत लिहायला लागला आणि मी ते इंग्रजीत करत गेले. दोन पानं भरली तरी संपेना. मध्येच म्हणाला, "ताई, बंद पडायच्या आधी ओळखतो, हे कसं लिहायचं?" मी प्रिव्हेंटिव्ह मेंटेनन्स लिहिलं. "एवढं मोठं नाव आहे होय त्याला," तो म्हणाला, आणि इतका खुश झाला की मला भरून आलं. अकरा वर्षांत कुणी त्याला हा प्रश्न विचारलाच नव्हता.

आयटीआयचा अभ्यासक्रम, प्रमाणपत्रं, भाषांतरं, सगळं जमलं. राहिलं अनुभवाचं पत्र. त्यांना कंपनीचं पत्र हवं होतं, काम काय केलं, किती वर्षं, आणि त्यावर इथल्या सरकारी कार्यालयाचा शिक्का. मी पत्र टाइप केलं. कोल्ड रूम टेक्निशियन, अकरा वर्षं, खाली कामांची यादी. त्यातला शब्दन् शब्द खरा होता. अर्बाबने ते दोनदा वाचलं आणि पेन खाली ठेवलं. एका लायसन्सवरचा माणूस दुसरीकडे राबवला हे लिहून देणं म्हणजे स्वतःच्या पायावर धोंडा. पण भाऊ समोर उभा होता. म्हाताऱ्याने त्याच्याकडे बघितलं, सही केली आणि म्हणाला, "वो मेरा बेटा है."

आम्ही दोघं शिक्का घ्यायला गेलो. काउंटरवर एक तरुण ओमानी मुलगी होती, बोलायला फार गोड. तिने पत्र घेतलं, कार्ड घेतलं, कॉम्प्युटरवर नंबर घातला आणि थांबली. मग स्क्रीन आमच्याकडे वळवली. तिथे निझव्याची लॉन्ड्री, इस्त्री कामगार, आणि खाली स्कॅन केलेला पहिला अर्ज. त्यावर माझी सही, चांगली ठळक. मला आठवतंय, त्या दिवशी मी नवीन पेन काढलं होतं. मुलीने शांतपणे इंग्रजीत विचारलं, "ह्यातलं खरं कोणतं? पत्र की कार्ड?"

मी स्क्रीनवरची माझी सही बघत होते. एरवी माझं तोंड गप्प बसत नाही, सगळी कंपनी जाणते. मी म्हणायला हवं होतं, पत्र खरं आहे, कार्ड मी खोटं भरलं, जे करायचं ते मला करा. शब्द तयार होते. तेवढ्यात भाऊ म्हणाला, "कार्ड खरं आहे, मॅडम. मी लॉन्ड्रीत काम करतो. पत्र चुकून बनलं."

मुलीने हसून पत्र परत दिलं आणि पुढच्या माणसाला बोलावलं. आम्ही बाहेर आलो. त्याने पत्राची घडी घातली, आणखी एक घडी घातली, आणि शर्टाच्या खिशात ठेवलं. व्हॅनमध्ये बसल्यावर मी विचारलं, "असं का म्हणालास?"

"मग काय म्हणू? अर्बाबचं लायसन्स गेलं असतं. मला परत पाठवलं असतं, परत यायची बंदी घालून." व्हॅन चालू करून तो रस्त्याकडे बघत राहिला. "आणि ताई, स्क्रीनवर तुझी सही दिसत होती."

मग त्याने गिअर टाकला. सीबला एका आइस्क्रीमवाल्याची खोली बंद पडली होती, तिकडे जायची त्याला घाई होती. मला ऑफिसच्या दारात सोडून तो गेला. मी टॉयलेटमध्ये जाऊन नळ सोडून रडले. त्याने मला वाचवलं होतं, आणि वाचवायची वेळ का आली हे त्याला ठाऊक नव्हतं. त्याला अजूनही वाटतं की त्या वेळी खरंच दुसरी जागा नव्हती, बहिणीने मिळालं ते घेतलं.

अनुभवाचं पत्र न जोडताच अर्ज गेला. काही महिन्यांनी जर्मनीतून उत्तर आलं. ते मी शुक्रवारी जेवताना त्याला वाचून दाखवलं. शिक्षण काही अंशी मान्य होतं. जे कमी पडत होतं ते अनुभवाने भरून निघू शकलं असतं, पण अनुभवाचा पुरावा जोडलेला नाही, असं लिहिलं होतं. त्यांनी काही वाकडं केलं नव्हतं. समोर जे कागद होते त्यावरून त्यांनी बरोबर तेच लिहिलं. राहिलेला भाग तिकडे कोर्स करून पुरा करता येतो, पण तेवढं थांबणं त्या कारखानदाराला परवडणारं नव्हतं. त्याने फार सभ्य शब्दांत तसं कळवलं आणि दुसरा माणूस घेतला.

"म्हणजे आयटीआय त्यांनी मानली?" भावाने विचारलं.

"अर्धी मानली."

"अकरा वर्षं?"

"ती नाही."

"बरं," तो म्हणाला, आणि पानातला भात संपवला. त्या दिवशी जाताना त्याने माझ्या बेडरूमचा एसी उघडून साफ केला. तो साफ करायची काहीच गरज नव्हती.

मी त्याला सांगणार आहे, असं रोज ठरवते. गाडीत पाठ करते. चार महिन्यांनी जागा सुटणार होती, मी तुला थांबू दिलं नाही, मला एकटीला राहवत नव्हतं म्हणून तुझ्या पोरीपासून तुला तोडलं. शुक्रवारी तो दारात उभा राहतो, चपला काढता काढता विचारतो, "ताई, सुकट केलीस का?" आणि माझं सगळं पाठांतर जातं. मी भित्री आहे. फटकळ माणसं भित्री असतात हे कुणाला खरं वाटत नाही.

गेल्या शुक्रवारी तो जेवायला बसला होता तेव्हा महाडहून भाचीचा व्हिडिओ कॉल आला. पाचवीला नव्या शाळेत जायचंय, तिचा फॉर्म तीच भरत होती, आईने हौसेने तिलाच भरायला दिलेला. फोन पाण्याच्या तांब्याला टेकवून भाऊ तिला एकेक सांगत होता. जन्मतारीख झाली, पत्ता झाला. मी आत भाकरी थापत होते.

"पप्पा, वडिलांचा व्यवसाय. फ्रीज दुरुस्ती लिहू की इंजिनिअर लिहू?"

मी तव्याकडे बघत राहिले.

"इस्त्रीकाम लिही," भाऊ म्हणाला.

"काय? पण तुम्हाला तर इस्त्री येत नाही. आजी सांगते."

"नाही येत. तरी तेच लिही, बाळा. कार्डावर जे आहे तेच सगळीकडे लिहायचं. नाहीतर पुढे जुळत नाही."

ती हिरमुसली असावी. मग "बरं" म्हणाली, अगदी त्याच्यासारखं, आणि लिहिताना एकेक अक्षर मोठ्याने म्हणत गेली. माझ्या तव्यावरची भाकरी करपली. भावाने हाक मारली, "ताई, वास येतोय." मी उलथणं घेऊन बाहेर आले. आज सांगून टाकायचं म्हणूनच आले होते. त्याने फोन माझ्याकडे वळवला आणि म्हणाला, "आत्याला दाखव फॉर्म, तिला ह्यातलं सगळं कळतं."

भाचीने फॉर्म कॅमेऱ्यासमोर धरला. बारा वर्षं व्हायला आली, कार्ड पुन्हा नवं करायचंय. रविवारी ऑफिसला गेले की तो अर्ज मलाच भरायचा आहे. मी तिचा फॉर्म वाचला आणि बरोबर आहे म्हणून सांगितलं.